स्ट्रिंगमधून तारीख: फॉरमॅट विचारून घ्या, ओळखू नका

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार शाखांकडून रोज बिलांच्या फाइल येतात, तीन सीएसव्ही आणि एक एक्सेल. त्या पायथनमध्ये पांडाज या लायब्ररीने वाचून पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरायच्या आणि नोडवर (म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर) चालणाऱ्या स्क्रीनवर दाखवायच्या. काही तारखा बरोबर येतात, काहींत दिवस आणि महिना उलटे होतात. दुपारची बिलं पहाटेची दिसतात. ग्राहकांच्या जन्मतारखा स्क्रीनवर एक दिवस आधीच्या दिसतात. एका शाखेत तारीख मराठीत टाइप होते, ती वाचलीच जात नाही. आणि एरर कुठेच नाही.

ही चार दुखणी वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकाच ओळीच्या कोडने सुटणार नाहीत. पण चौघांच्या मुळाशी एकच समजूत आहे: स्ट्रिंग (म्हणजे नुसता मजकूर) बघितली की लायब्ररीला तारीख कळते. ती कळत नाही. ०३/०४/२०२४ या दहा अक्षरांत ३ एप्रिल की ४ मार्च, याचं उत्तर नाहीच. ते ज्याने फाइल बनवली त्याच्याकडे आहे. ते त्याच्याकडून आणून कोडमध्ये लिहायचं, एवढंच आपलं काम.

(सोयीसाठी पुढे सगळं देवनागरीत लिहिलंय. '%डी' म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि लहान डी. अक्षर कॅपिटल असेल तिथे 'कॅपिटल' म्हणेन. उदाहरणांतले आकडे फाइलमध्ये इंग्रजी आहेत असं धरा. जिथे ते मुळातच देवनागरी आहेत तिथे सांगेन.)

उलट्या तारखांपासून सुरुवात करू, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथे आहे. साध्या वर्षात ३६५ तारखा. त्यातल्या १४४ तारखांत दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी. त्यापैकी १/१, २/२, ३/३ अशा १२ तारखा उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. या १३२ तारखा उलट्या वाचल्या तरी वैधच असतात, म्हणून कुणी तक्रार करत नाही. उरलेल्या २२१ तारखांत दिवस १३ किंवा जास्त असतो, आणि तेरावा महिना नसल्यामुळे तिथे लायब्ररी अडते. अडल्यावर ती काय करते, यावर सगळं अवलंबून आहे.

पांडाजच्या १.एक्स आवृत्त्यांत टू_डेटटाइम या स्ट्रिंगची तारीख करणाऱ्या फंक्शनला फॉरमॅट दिला नाही तर प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचली जायची. आधी महिना-दिवस असा प्रयत्न, जमलं नाही तर दिवस-महिना. म्हणजे १३/०१/२०२४ हे बरोबर १३ जानेवारी, आणि त्याच कॉलममधलं ०३/०१/२०२४ हे १ मार्च. फार तर एक इशारा छापला जायचा, तो लॉगच्या गर्दीत कोण बघतो? तुमच्या जानेवारीच्या फाइलवर याचा परिणाम काय होईल ते बघा: १ ते १२ जानेवारीची विक्री जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशी थेट डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याच्या १ तारखेला जाऊन बसेल, आणि १३ ते ३१ तारखा जागेवर राहतील. आलेखात दर महिन्याच्या एक तारखेला सुळका दिसत असेल तर पगाराचा दिवस वगैरे कारणं शोधू नका, आधी फॉरमॅट तपासा.

एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पांडाज २.० ने ही पद्धत बदलली. आता पहिल्या भरलेल्या ओळीवरून फॉरमॅटचा अंदाज बांधला जातो आणि तोच सगळ्या कॉलमला लावला जातो. ही सुधारणाच आहे, पण अर्धवट. पहिली ओळ १३/०१ असेल तर अंदाज बरोबर येतो. पहिली ओळ ०३/०१ असेल तर महिना आधी असा अंदाज होतो आणि १३ तारखेची ओळ आली की एरर. म्हणजे एकच कोड, एकच शाखा, आणि निकाल मात्र फाइलच्या पहिल्या ओळीत कोणती तारीख आली त्यावर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाठवलेल्या फाइलमध्ये तर १२ च्या वरचा दिवसच नसतो, तिथे एररही नाही, सगळ्या तारखा गुपचूप उलट्या.

आणि ती एरर टाळायला म्हणून अनेकजण एरर्स या पर्यायाला 'कोअर्स' (वाचता न आलेल्या ओळी रिकाम्या करा) देतात. फॉरमॅट न देता कोअर्स देणं हा या सगळ्यातला वाईटात वाईट पर्याय. मग चुकीच्या अंदाजात न बसणाऱ्या ओळी, म्हणजे नेमक्या ज्या ओळींनी अंदाज चुकल्याचं सांगितलं असतं त्या, 'नॅट' म्हणजे रिकाम्या होतात, आणि उलट्या वाचलेल्या तेवढ्या शिल्लक राहतात. साक्षीदार बाहेर, आरोपी आत.

तुम्ही विचारलंय की डेफर्स्ट (दिवस आधी) हा पर्याय खरा ठेवला तर? तो हुकूम नाही, कल आहे. दस्तऐवजातच लिहिलंय की तो काटेकोर नाही. दिवस आधी वाचायचा प्रयत्न होईल, १.एक्समध्ये तो जमला नाही की तीच ओळ मुकाट्याने महिना आधी धरून वाचली जायची. एखादी शाखा खरोखरच अमेरिकन पद्धतीने पाठवत असेल तर तुम्हाला ते कधीच कळणार नाही.

करायचं ते असं. प्रत्येक शाखेचा फॉरमॅट तिच्या नावासमोर एका डिक्शनरीत लिहा: पहिल्या शाखेचा '%डी/%एम/%वाय' (दिवस, महिना, वर्ष; वाय कॅपिटल), दुसरीचा '%डी-%बी-%वाय' (%बी म्हणजे महिन्याचं छोटं नाव), असं. हा फॉरमॅट अंदाजाने भरू नका. शाखेत फोन करा आणि मागच्या महिन्याच्या ३ तारखेचं एखादं बिल फाइलमध्ये कसं उमटलंय ते विचारा. पंधरा तारखेचं विचारू नका, त्यातून तुम्हाला काहीच नवीन कळत नाही. मग टू_डेटटाइमला तो फॉरमॅट स्पष्ट द्या. आता कोअर्स वापरायला हरकत नाही, फक्त लगेच पुढच्या ओळीत तपासणी हवी: मूळ स्ट्रिंग रिकामी नाही पण निकाल नॅट आहे, अशा ओळी किती? एकही असेल तर त्या ओळी वेगळ्या टेबलात टाका आणि कुणालातरी मेल जाऊ द्या. मूळ स्ट्रिंगचा कॉलम पुसू नका, डेटाबेसमध्ये शेजारी तशीच ठेवा. जागा नगण्य लागते, आणि फॉरमॅट चुकीचा निघाला तर पुन्हा वाचता येतं.

एकाच शाखेकडून दोन प्रकारच्या तारखा येत असतील, समजा जुन्या सॉफ्टवेअरच्या १५/०१/२०२४ आणि नव्याच्या २०२४-०१-१५, तर फॉरमॅटची यादी करून एकेक लावून बघणं चालतं. अट एकच: यादीतले कोणतेही दोन फॉरमॅट एकाच स्ट्रिंगला बसता कामा नयेत. वर्ष आधी आणि दिवस आधी हे दोन एकमेकांत मिसळत नाहीत. दिवस आधी आणि महिना आधी हे दोन एका यादीत आले की तुम्ही पांडाज १.एक्स पुन्हा हाताने लिहिलंत.

फाइल वाचणाऱ्या रीड_सीएसव्हीला पार्स_डेट्स (तारखांचे कॉलम) देऊन मोकळं होण्याचाही मोह असतो. तिथे कॉलम वाचता आला नाही तर तो तसाच स्ट्रिंग म्हणून परत मिळतो, आवाज न करता. पुढे सॉर्ट केलं की ०१/०२ नंतर ०१/०३ असा कोशातल्या शब्दांसारखा क्रम लागतो. कॉलम आधी स्ट्रिंग म्हणून वाचा, मग वेगळ्या पायरीत रूपांतर करा.

आता एक्सेलवाली शाखा. एक्सेलमध्ये तारीख ही स्ट्रिंग नसते, आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि १५ जानेवारी २०२४ म्हणजे ४५३०६. सेलचं फॉरमॅटिंग गेलं की हाच आकडा उघडा पडतो. पांडाजमध्ये युनिट दिवस आणि ओरिजिन ३० डिसेंबर १८९९ दिलं की तारीख मिळते. ३१ का नाही? कारण एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानतं, जे ते नव्हतं. ६० क्रमांकाला तिथे २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीख आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमध्ये हा घोटाळा होता आणि त्याच्या फाइल चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने तो तसाच ठेवला. मॅकवरच्या जुन्या वर्कबुकमध्ये १९०४ पासून मोजणी असते. सगळ्या तारखा चार वर्षं आणि एक दिवस मागे दिसल्या तर १४६२ मिळवा.

पण तुमच्या शाखेतलं दुखणं बहुधा वेगळं आहे. तिथल्या कॉम्प्युटरची रिजनल सेटिंग अमेरिकेची असणार, नवीन विंडोज टाकताना ती तशीच राहून जाते. बिलिंगमधून निघालेली दिवस-आधी सीएसव्ही कुणीतरी डबल क्लिक करून उघडतं आणि एक्सेल फाइल म्हणून सेव्ह करतं. उघडताना ०३/०१/२०२४ ला एक्सेल १ मार्च समजतं आणि खरी तारीख बनवतं. १३/०१/२०२४ समजत नाही, म्हणून ती मजकूरच राहते. स्क्रीनवर ओळखायची खूण सोपी: खऱ्या तारखा सेलच्या उजव्या कडेला, मजकूर डाव्या कडेला. पांडाजने वाचल्यावर त्या कॉलममध्ये काही डेटटाइम आणि काही स्ट्रिंग असं मिश्रण येतं. असं मिश्रण दिसलं आणि मूळ फाइल दिवस-आधी होती याची खात्री असली, तर स्ट्रिंग नेहमीच्या फॉरमॅटने वाचा आणि डेटटाइम असलेल्या प्रत्येक ओळीत दिवस-महिना अदलाबदल करा. त्याहून बरं म्हणजे शाखेला सांगा, एक्सेल मध्ये आणू नका, बिलिंगमधून निघालेली सीएसव्ही न उघडता पाठवा.

एक्सेलच्या या मदतीपुढे जनुकशास्त्रज्ञांनीही हात टेकले. सेप्ट२ आणि मार्च१ अशा नावांच्या जनुकांच्या तारखा व्हायला लागल्या, तेव्हा २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलून सेप्टिन२, मार्चएफ१ अशी केली.

दोन आकडी वर्षांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जन्मतारखा आहेत म्हणजे ती येणारच. पायथनचं '%वाय' (लहान वाय) ६९ ते ९९ ला १९०० च्या शतकात आणि ०० ते ६८ ला २००० च्या शतकात टाकतं. एक्सेलची सीमारेषा मुळात ३० वर आहे, पण विंडोजच्या सेटिंगप्रमाणे बदलू शकते. सीमारेषा ३० असेल तर १५/०८/४७ ही तारीख एक्सेलमध्ये १९४७ ची आणि पायथनमध्ये २०४७ ची. जन्मतारीख आजच्या पुढची निघाली तर १०० वर्षं वजा करा, हा नियम जन्मतारखेपुरता चालतो. वॉरंटी संपण्याच्या तारखेला तो लावू नका.

दुपारची बिलं पहाटे कशी गेली? तुमच्या कोडमध्ये '%एच:%एम %पी' आहे, एच आणि एम कॅपिटल. कॅपिटल एच म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ. पायथनच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे की स्ट्रिपटाइममध्ये (स्ट्रिंगमधून वेळ वाचणाऱ्या फंक्शनमध्ये) '%पी' चा परिणाम तास '%आय' ने (कॅपिटल आय) वाचला तरच होतो. '%एच' असेल तर पीएम ही दोन अक्षरं वाचली जातात आणि सोडून दिली जातात. म्हणून ०२:३० पीएमचे पहाटेचे अडीच होतात. याची गंमत अशी की सकाळची सगळी बिलं बरोबर दिसतात, आणि दुपारी १२ ते १ मधलीही, त्यामुळे वरवर तपासणाऱ्याला सापडत नाही. रात्री १२:३० एएमचं बिल मात्र भर दुपारचं होतं. '%आय' करा, सुटेल. जावातलं नवं डेटटाइमफॉरमॅटर अशा वेळी एएम-पीएमचा मेळ बसत नाही म्हणून सरळ एक्सेप्शन फेकतं; पायथननेही तेच करायला हवं होतं असं माझं मत आहे.

या अक्षरांच्या बाबतीत पाठांतरावर विसंबू नका, प्रत्येक भाषेत ती वेगळी आहेत. पायथनमध्ये '%एम' कॅपिटल म्हणजे मिनिटं. मायएसक्यूएलच्या एसटीआर_टू_डेटमध्ये तेच कॅपिटल एम म्हणजे महिन्याचं इंग्रजी नाव, आणि मिनिटांना '%आय' लहान. ओरॅकलमध्ये मिनिटं म्हणजे एमआय. जावात कॅपिटल वाय चार वेळा लिहिलं तर ते आठवड्यांच्या हिशेबाचं वर्ष असतं, जे डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत एक पुढे जाऊ शकतं. जावाचं जुनं सिंपलडेटफॉरमॅट तर ३२ जानेवारीला १ फेब्रुवारी मानून पुढे जातं. २०१४ मध्ये जावा ८ बरोबर आलेलं जावा डॉट टाइम हाताशी असताना ते वापरण्याचं आता कारण नाही. गो भाषेत अक्षरंच नाहीत. तिथे २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद ही एक ठरलेली वेळ तुमच्या फॉरमॅटमध्ये लिहून दाखवायची. विचित्र वाटतं, पण एकदा डोक्यात बसलं की कॅपिटल-लहानचा गोंधळ कायमचा जातो.

आता मराठीत तारीख लिहिणारी शाखा. तुम्ही नमुना दिलाय: '१५ ऑगस्ट २०२३, दु. ३.३०'. इथे आकडे खरोखर देवनागरी आहेत. पायथनचं इंट() देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं, त्यामुळे स्ट्रिपटाइमही वाचेल असं वाटतं, पण तिथे भरवसा ठेवू नका. जावास्क्रिप्टचं नंबर() तर थेट नॅन (म्हणजे 'आकडा नाही') देतं. सगळ्यात आधी ट्रान्सलेट वापरून दहाही आकडे इंग्रजी करून घ्या, मग पुढचं.

महिन्याच्या नावांसाठी सर्व्हरचं लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) मराठी करण्याचा सल्ला मिळेल. करू नका. लोकेल पूर्ण प्रोसेसला लागू होतं, दुसऱ्या थ्रेडमधलं इंग्रजी महिना वाचणारं कोड त्याने मोडतं, आणि नव्या सर्व्हरवर ते लोकेल बसवलेलं नसतं. बारा महिन्यांची स्वतःची डिक्शनरी करा आणि माणसं लिहितात ती सगळी रूपं त्यात घाला: सप्टेंबर, सप्टें., ऑक्टो., डिसें., जुलै आणि जुलई, एप्रिल आणि एप्रील. एवढं करूनही 'ऑगस्ट' सापडला नाही तर अक्षरं उलगडून बघा. 'ऑ' हे एक अक्षर म्हणून येऊ शकतं, किंवा 'आ' आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन मिळून. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन (समतुल्य अक्षरांचं एकच रूप करण्याची युनिकोडची पद्धत) ती एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती समतुल्य नाहीत. हा बदल हाताने करावा लागतो. 'नोव्हेंबर'मधल्या जोडाक्षरात कधीकधी शून्य रुंदीचा जॉइनर लपलेला असतो, तोही काढून टाका.

न दिसणाऱ्या अक्षरांचा उपद्रव मराठीपुरता नाही. २०२३ मध्ये जावा २० आलं तेव्हा लोकेलचा नवा डेटा आला आणि इंग्रजी वेळेत पीएमच्या आधीची साधी स्पेस जाऊन तिथे अरुंद, न तुटणारी स्पेस आली. छापून बघितलं तर स्ट्रिंग हुबेहूब तीच, वाचायला गेलं तर एक्सेप्शन. वाचण्याआधी सगळ्या प्रकारच्या स्पेसची एक साधी स्पेस करून घेण्याची सवय लावा.

वेळेचं बघा. '३.३०' मधलं टिंब हे दशांश नाही, पण एक्सेलला तसं वाटलं तर ३.३ होईल आणि मग साडेतीन की तीन वाजून तीन मिनिटं हे पुढच्याला कळायचं नाही. कोलन करून घ्या. 'सकाळी', 'पहाटे' आले की तास जसाच्या तसा. 'दु.' ला १२ असेल तर १२ च, १ ते ४ असेल तर १२ मिळवा. 'सायं.' ला नेहमी १२ मिळवा. 'रात्री' हा खरा पेच आहे: ७ ते ११ ला १२ मिळवा, पण 'रात्री १' म्हणजे दुसऱ्या दिवसाचा एक. आणि '१५ ऑगस्ट, रात्री १२' म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात १५ तारीख संपतानाची वेळ असते, जी घड्याळाच्या हिशेबाने १६ ची ००:०० आहे. बहुतेकदा. शाखा बाराच्या आधी बंद होत असेल तर हा प्रश्नच येणार नाही; होत नसेल तर त्यांनाच विचारा.

उरली जन्मतारीख. इथे पायथनचा दोष नाही, पोस्टग्रेसमध्ये ती बरोबर आहे. बिघडते ती नोडमध्ये. नोडला पोस्टग्रेसशी जोडणारा नेहमीचा पीजी ड्रायव्हर 'डेट' प्रकारच्या कॉलमचं जावास्क्रिप्ट डेट ऑब्जेक्ट बनवतो, स्थानिक मध्यरात्रीचं. १५ जानेवारी १९९०, ००:००, भारतीय वेळ. मग ते जेसनमध्ये (स्क्रीनकडे पाठवायच्या मजकुरात) जाताना यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, बदलतं आणि साडेपाच तास मागे जातं: १९९०-०१-१४, १८:३०, शेवटी यूटीसीची खूण झेड. स्क्रीनवाला पहिली दहा अक्षरं कापून दाखवतो. झाली १४ तारीख.

या चुकीला दिशा आहे, आणि ती भारतात नेमकी गोंधळात टाकते. आपण यूटीसीच्या पुढे आहोत, म्हणून स्थानिक मध्यरात्र यूटीसीत गेली की तारीख एक दिवस मागे जाते. उलट, न्यू डेटला '२०२४-०१-१५' अशी नुसती तारीख दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र मानतं; आपल्याकडे ती पहाटे साडेपाच होते, तारीख तीच राहते, आणि पुण्यात बसून तपासणाऱ्याला काही खटकत नाही. तोच कोड न्यू जर्सीत उघडला की १४ तारीख दिसते. त्याच स्ट्रिंगपुढे टी आणि ००:०० जोडलं तर मात्र ती स्थानिक वेळ मानली जाते. आणि आडव्या रेघांऐवजी तिरक्या दिल्या तर प्रमाणात नियमच नाही, ब्राउझर त्याच्या मनाने ठरवतो.

उपाय असा की जन्मतारखेला वेळ चिकटूच देऊ नका. ती एक क्षण नाही, कॅलेंडरवरचा एक चौकोन आहे. पीजी ड्रायव्हरमध्ये सेटटाइपपार्सर वापरून १०८२ या प्रकारासाठी, म्हणजे डेटसाठी, आलेली स्ट्रिंग तशीच परत द्यायला सांगा. एका ओळीचं काम आहे. नव्या ब्राउझरमध्ये टेम्पोरल येऊ लागलंय, त्यातला प्लेनडेट हा याचसाठी केलेला प्रकार आहे. जावात लोकलडेट, पायथनमध्ये डेटटाइमऐवजी नुसतं डेट.

बिलाची वेळ याच्या उलट आहे. तो खराच क्षण आहे, तिला टाइमझोन लागतो, आणि तो स्ट्रिंगमध्ये नाही म्हणून तुम्ही द्यायचा. पायथन ३.९ पासून झोनइन्फो आहे, त्यात 'एशिया/कोलकाता' द्या. जुन्या कोडमध्ये पायटीझेड असेल आणि ते टीझेडइन्फो म्हणून थेट कन्स्ट्रक्टरला दिलं असेल, तर ऑफसेट +५:३० ऐवजी +५:५३ लागतो. ही कोलकात्याची एकोणिसाव्या शतकातली स्थानिक सूर्यवेळ, यादीत पहिली असल्यामुळे उचलली जाते. बिलं २३ मिनिटांनी सरकलेली दिसली तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. आणि स्ट्रिंगच्या शेवटी 'आयएसटी' असेल तर त्यावर विसंबू नका. ते भारताचं आहे, इस्रायलचं आहे आणि आयर्लंडचंही. +०५:३० असं आकड्यात लिहून घ्या.

पुढे तुमची अमेरिकेत शाखा निघाली तर तिथल्या स्थानिक वेळा घेऊच नका, ऑफसेटसकट मागा. न्यूयॉर्कमध्ये ३ नोव्हेंबर २०२४ ला रात्रीचा दीड दोनदा वाजला आणि १० मार्च २०२४ ला अडीच वाजलेच नाहीत. नुसत्या स्ट्रिंगवरून पहिला दीड कोणता, हे कोणतीही लायब्ररी सांगू शकत नाही.

तपासणीसाठी तारखा निवडताना ३ एप्रिल, २९ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर, आणि वेळेत १२:३० एएम, १२:३० पीएम, ०२:३० पीएम एवढ्या घ्या. ५ मे घेऊ नका, ती उलटी झाली तरी ५ मेच. चाचण्या टीझेड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एकदा कोलकाता, एकदा लॉस एंजेलिस देऊन चालवा. तुमच्या लॅपटॉपवर भारतीय वेळ आणि सर्व्हरवर यूटीसी असते, त्यामुळे एकाच ठिकाणी चालवून काही सिद्ध होत नाही.

शेवटचा प्रश्न: आधीच डेटाबेसमध्ये गेलेल्या उलट्या ओळींचं काय? मूळ फाइल असतील तर फॉरमॅट देऊन पुन्हा भरा. नसतील तरी मार्ग आहे, कारण तुमच्याकडे बिल नंबर आहेत. जीएसटीच्या नियमाने बिलाला आर्थिक वर्षात सलग आणि एकमेव क्रमांक लागतो, म्हणून प्रत्येक शाखेच्या एका आर्थिक वर्षाच्या ओळी क्रमांकाने लावा. दिवस १३ किंवा जास्त असलेल्या ओळी उलट्या होऊच शकत नाहीत, त्या खुंटासारख्या धरा. १२ किंवा कमी दिवसाच्या प्रत्येक ओळीला दोनच शक्यता आहेत, आहे तशी किंवा अदलाबदल करून. ३१ जानेवारी आणि १३ फेब्रुवारी या दोन खुंटांमधलं बिल ३ फेब्रुवारीचं असेल किंवा २ मार्चचं. मध्ये बसतं ते पहिलंच. अदलाबदल केली की महिनाच बदलतो, त्यामुळे दोन्ही शक्यता एकाच फटीत कधी बसत नाहीत. एप्रिलच्या पहिल्या बारा दिवसांना खालचा खुंट १ एप्रिल.

दोन्हींपैकी एकही शक्यता बसत नाही अशा थोड्या ओळी उरतील: मागची तारीख टाकून केलेली बिलं, रद्द करून पुन्हा काढलेली, वीज नसताना हाताने लिहून नंतर भरलेली. त्यांना कोडने हात लावू नका. बिल नंबर, रक्कम आणि दोन्ही शक्य तारखा अशी यादी काढून त्या त्या शाखेला पाठवा, बिलबुक त्यांच्याकडेच असतं.